जड मनाची साक्ष

मनाचे स्थैर्य हा माणसाचा गुण समजावा की त्याचे भाग्य, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. स्थिर चित्ताच्या माणसाची आपण स्तुती करतो, चंचल चित्ताच्या माणसाला उपदेश करतो. आणि दोघांच्या पायाखालची जमीन सारखीच आहे, असे मनाशी गृहीत धरून चालतो. परंतु कित्येक स्त्रियांच्या बाबतीत ही जमीन दर महिन्याला काही दिवस कलते. कालपर्यंत सहज पेललेला संसार आज पेलेनासा होतो. साध्या शब्दाने डोळ्यांत पाणी उभे राहते. संताप अनावर होतो. आपण कोणालाच नकोशा आहोत असे वाटू लागते. आणि मग पाळी सुरू झाली की दोन-तीन दिवसांत हे मळभ जसे आले तसे निघून जाते. अशा वेळी जे मन बोलले, रागावले, रडले, ते त्या स्त्रीचे होते की नव्हते? वरवर पाहता हा प्रश्न वैद्यकाचा आहे. मला तो नीतीचाही वाटतो. कारण आपल्या शब्दाची जबाबदारी आणि आपल्या शब्दाची किंमत या दोन्ही गोष्टी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत.

वाङ्मयीन मासिकात हा विषय कशाला, असे एखाद्या वाचकाला वाटेल. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवून शरीराविषयी स्वच्छ मराठीत बोलता येते हे दाखवून दिले. त्यानंतर आपण संकोच बाळगण्याचे कारण उरले नाही. शिवाय नोकरीपायी दिल्लीत येऊन राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना हा विषय अधिक जवळचा आहे. गावाकडच्या भरल्या घरात एकीचे मन जड झाले, तर तिचा भार जाऊ, नणंद, आत्या यांच्यात थोडाथोडा वाटला जाई. निदान घरात बोलायला दुसरे कोणी असे. सरकारी क्वार्टरच्या दोन खोल्यांत नवरा, बायको आणि एक-दोन मुले एवढीच माणसे असतात. तिथे त्या चार-आठ दिवसांचा सारा भार तीच दोन-तीन माणसे दर महिन्याला सोसतात, आणि तो कशाचा भार आहे हे कित्येकदा त्यांना ठाऊकही नसते. आई साताऱ्याला किंवा नागपूरला. तिच्याशी फोनवर बोलावे, तर ‘बरी आहेस ना?’ या प्रश्नाला ‘हो गं आई’ याखेरीज दुसरे उत्तर सुचत नाही.

आपल्या परंपरेने या दिवसांची दखल घेतलीच नाही असे नाही; पण ती भलत्याच दिवसांची घेतली. ‘कावळा शिवला’ म्हणून बाईला चार दिवस बाहेर बसवण्याची रीत आमच्या आज्यांच्या पिढीपर्यंत अनेक मराठी घरांतून चालत होती, आणि काही ठिकाणी ती अजून संपलेली नाही. त्या रीतीने स्पर्श मोजला, दिवस मोजले. मन मोजले नाही. चौदाव्या शतकातील संत सोयराबाईंनी आपल्या अभंगवाणीत विटाळाच्या कल्पनेलाच हात घातला आणि विटाळावाचून कोणता देह घडला, असा सरळ सवाल केला. तो सवाल पावित्र्याविषयीचा होता, आणि त्याचे उत्तर रूढीला देता आलेले नाही. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी गोष्ट निराळी आहे. मनाचे जड दिवस बहुधा पाळीचे नसतातच. ते पाळीच्या आधीच्या आठवड्याचे असतात. ज्या दिवशी घरातली बाई ‘बाहेरची’ ठरे, त्याच सुमारास पुष्कळदा तिचे मन घरात परत येत असे.

आजच्या रजेच्या वादातही तीच गफलत दिसते. जपानने १९४७ च्या कामगार कायद्यात पाळीच्या दिवसांत रजा मागण्याचा हक्क दिला. बिहार सरकारने १९९२ साली आपल्या महिला कर्मचाऱ्यांना महिन्यातून दोन दिवसांची विशेष रजा देऊ केली. २०२५ साली कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने महिन्याला एक दिवस भरपगारी रजेच्या धोरणाला मंजुरी दिली. आपल्या १९७२ सालच्या केंद्रीय रजा नियमांत मात्र या नावाची रजा घातली गेली नव्हती. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन महिला व बालविकास मंत्र्यांनी राज्यसभेत सांगितले की पाळी हे काही अपंगत्व नव्हे. आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अशी रजा सक्तीची केल्यास स्त्रियांना नोकरीवर घेण्यास मालक कचरतील अशी भीती व्यक्त करून, आदर्श धोरण ठरवण्याचे काम सरकारकडे सोपवले. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. ज्या स्त्रीच्या ओटीपोटात कळा येतात तिला त्या दिवशी रजा हवीच. परंतु जिचे मन आधीच्या आठवड्यात काळवंडते, तिला ही रजा पोहोचते तेव्हा पाऊस थांबलेला असतो. तिची गरज विश्रांतीपेक्षा निराळी आहे. आपल्या म्हणण्याचे काय होणार, हा तिचा प्रश्न आहे.

या अवस्थेविषयी आज जे निश्चित ठाऊक आहे ते थोडक्यात सांगितले पाहिजे. न्यूयॉर्कचे डॉक्टर रॉबर्ट फ्रँक यांनी १९३१ साली पाळीपूर्वीच्या ताणाचे वर्णन प्रसिद्ध केले. १९५३ साली रेमंड ग्रीन व कॅथरिना डाल्टन या इंग्रज डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्याला पाळीपूर्व लक्षणसमूह असे व्यापक नाव दिले. पुढे २०१३ साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या रोगसूचीच्या पाचव्या आवृत्तीत यातील तीव्र प्रकाराचा समावेश विषण्णतेच्या विकारांत केला, आणि २०२२ पासून अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणातही त्याला स्थान मिळाले. पाळीपूर्वी थोडीफार चिडचिड पुष्कळजणींना होते. हा तीव्र प्रकार मात्र शंभरांत फार तर सात-आठ जणींच्या वाट्याला येतो.

त्याच्या कारणाविषयीचा एक प्रयोग विचार करण्यासारखा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी तो १९९८ साली प्रसिद्ध केला. त्यांनी काही स्त्रियांचे बीजकोशांचे कार्य औषधाने तात्पुरते थांबवले. ज्यांचा पाळीपूर्वीचा त्रास त्यामुळे थांबला, त्यांना नंतर इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके नेहमीच्या प्रमाणात दिली; तेव्हा त्यांची विषण्णता परत आली. ज्यांना मुळात असा त्रास नव्हता, अशा स्त्रियांना तीच संप्रेरके दिली असता काहीच झाले नाही. म्हणजे या स्त्रियांच्या रक्तात काही कमी-अधिक असते असे नव्हे; जे सर्वांच्या रक्तात येते-जाते त्याला त्यांचा मेंदू निराळा प्रतिसाद देतो. हे कळले की दोन समजुती एकदम गळून पडतात. हा नुसत्या हट्टाचा किंवा कमकुवत स्वभावाचा प्रकार आहे, ही पहिली. आणि सगळ्या बायका अशाच असतात, ही दुसरी.

या दुसऱ्या समजुतीचा अपाय केवढा, हे डायन रुबल या संशोधिकेने १९७७ साली दाखवले होते. काही तरुणींना एक खोटीच चाचणी करून सांगण्यात आले की तुमची पाळी एक-दोन दिवसांवर आली आहे. इतरांना सांगितले की ती अजून लांब आहे. वस्तुतः सर्वजणी महिन्याच्या सारख्याच टप्प्यावर होत्या. तरीही पाळी जवळ आली असे जिला वाटले, तिने आपल्याला अधिक त्रास होत असल्याचे नोंदवले. आपण जे नाव ऐकतो त्याच्या रंगात आपला अनुभवही रंगतो. म्हणूनच या विकाराचे निदान आठवणीवर करीत नाहीत. किमान दोन महिने रोजच्या रोज मनाची नोंद ठेवावी लागते. त्या नोंदीतून कधी असेही निघते की विषण्णता महिनाभर आहेच, फक्त त्या आठवड्यात ती वाढते; तेव्हा उपचाराची दिशा बदलते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जड मनाच्या दिवसांविषयी जगाने आजवर दोन उत्तरे दिली आहेत. पहिले उत्तर असे की, मन तुझेच आहे, तेव्हा ते आवर. हे उत्तर ऐकायला पुरुषार्थाचे वाटते. पण एकाला सपाट रस्त्यावर आणि दुसऱ्याला चढावर चालायला लावून दोघांचा वेग एकाच मापाने मोजण्याचा अन्याय त्यात आहे. दुसरे उत्तर अधिक दयाळू दिसते: ते तू नव्हतीसच, ते तुझे शरीर होते. या दयेचे टोक कुठवर जाते हे न्यायालयांत पाहायला मिळते. इंग्लंडमध्ये १९८१ साली एका स्त्रीवरील खुनाच्या आरोपात पाळीपूर्व लक्षणसमूहाची बाजू ग्राह्य धरून तिची जबाबदारी कमी मानण्यात आली. आपल्याकडेही, दिल्लीपासून फार दूर नसलेल्या राजस्थानात, १९८१ साली तीन मुलांना विहिरीत ढकलल्याचा आरोप असलेल्या स्त्रीची उच्च न्यायालयाने २०१८ साली सुटका केली, आणि तीत हीच बाजू विचारात घेतली. त्या मुलांपैकी एक दगावले होते. अशा टोकाच्या प्रसंगी न्यायाधीशांनी काय करावे, हे माझ्यासारखीने सांगणे योग्य नव्हे. परंतु तेच उत्तर रोजच्या जीवनात आणले म्हणजे काय होते, ते सांगता येईल. ‘ती तू नव्हतीस’ असे म्हणून शिक्षेतून सोडले जाते खरे. पण त्याच वाक्याने तिचा शब्दही तिच्याकडून काढून घेतला जातो. जिला दोष देता येत नाही, तिच्यावर विश्वासही ठेवता येत नाही.

मी एका मंत्रालयात कारकुनी करते. आमच्या सेक्शनमध्ये आवक-जावकाच्या नोंदीचे कंटाळवाणे काम आळीपाळीने करायचे असे ठरले होते. पण पुढे ते महिनोन् महिने आम्हा दोघी बायकांकडेच राहिले. एका दुपारी मी ते बोलून दाखवले. मनाचे दिवस वाईट होते. आवाज कापला, डोळे भरून आले. तेव्हा कोणीसे हसून म्हणाले, “छोड़िए, आज मैडम का मूड ठीक नहीं है,” आणि विषय संपला. आठ दिवसांनी, मन निवळल्यावर, तीच गोष्ट मी तारखांसह अर्ध्या पानाच्या टिपणीत लिहून वर पाठवली, आणि पंधरवड्यात पाळ्यांचा तक्ता नव्याने लागला. पहिल्या दिवशी मी खोटे बोलत होते आणि नंतर खरे, असे कोणाला म्हणता येईल? बोललेली गोष्ट एकच होती; फरक होता तो आवाजाचा.

पण एवढ्यावरून जड मन नेहमी खरेच बोलते, असे मी म्हणणार नाही. त्याच दुपारी माझे मन आणखीही एक गोष्ट सांगत होते: की माझ्या मुलीला माझ्यापेक्षा चांगली आई मिळायला हवी होती. आठ दिवसांनी ते वाक्य उचलून पाहिले तेव्हा त्यात काहीच उरले नव्हते. एकच दुपार, एकच मन. त्याच्या दोन साक्षींपैकी एक टिकली, दुसरी विरघळली. यातून मला दिसते ते असे की, एखादी भावना कशामुळे उत्पन्न झाली हा एक प्रश्न आहे, आणि ती जे सांगते ते खरे आहे की नाही हा दुसरा. पहिल्याचे उत्तर संप्रेरके देतील; दुसऱ्याचे उत्तर ती देऊ शकत नाहीत. तारीख पाहून साक्ष खोटी ठरवता येत नाही, आणि खरीही ठरवता येत नाही. किंबहुना ज्याच्यामागे शरीर नाही असा राग जगात कोणाचा आहे? रात्री झोप झाली नाही, जेवण लांबले, पित्त झाले, बदलीचा हुकूम आला, की साहेबांचा स्वरही चढतो. त्यांना कोणी तारीख विचारत नाही; त्यांच्या रागाला आपण निर्णय म्हणतो.

आपण कचेरीतली माणसे. टिपणी आणि निर्णय यांतला भेद आपल्याला नव्याने शिकवायला नको. एखादे गंभीर प्रकरण समोर आले आणि त्या दिवशी निर्णय घेणे इष्ट नसले, तर अधिकारी दोन प्रकारचे शेरे मारू शकतो. एक, ‘दप्तरी दाखल’; म्हणजे प्रकरण संपले. दुसरा, ‘अमुक तारखेस पुन्हा सादर करा’. दोन्ही शेऱ्यांनी त्या दिवशीचे काम पुढे जात नाही. पण पहिल्यात प्रकरण मरते, दुसऱ्यात ते जिवंत राहते. जड मनाच्या तक्रारीला जगाने बहुधा पहिला शेरा दिला आहे. तिला दुसरा मिळाला पाहिजे. नोकरी सोडण्याचा, नाते तोडण्याचा, कठोर पत्र धाडण्याचा निर्णय त्या दिवसांत घेऊ नये, हे शहाणपण आहे. पण ज्यामुळे ते करावेसे वाटले ती गोष्ट लिहून ठेवावी आणि मन निवळल्यावर पुन्हा समोर घ्यावी, हे त्या शहाणपणाचे दुसरे अर्धे आहे, आणि तेच आपण विसरतो.

मात्र निवळलेल्या मनालाही सर्वाधिकार देऊ नयेत, असे मला वाटते. शांत मनाला स्वतःची एक सोय असते. ते म्हणते, चालले आहे ते चालू द्या. बायकांच्या आयुष्यातले कितीतरी अन्याय शांत दिवसांच्या या समजूतदारपणानेच वर्षानुवर्षे टिकले आहेत. वर्षभर गिळलेली गोष्ट ज्या दिवशी गिळवत नाही तो दिवस जड असतो खरा. पण गिळलेली गोष्ट तेव्हाच प्रथम दिसते. म्हणून जड मनाने मांडावे आणि शांत मनाने तपासावे. एकाने दुसऱ्याचे तोंड बंद करू नये.

आणि यातूनच माझ्या प्रश्नाचे उत्तर निघते. ‘आज माझे मन जड आहे, आजचा माझा निर्णय अखेरचा धरू नका’ असे म्हणण्याचा अधिकार त्या स्त्रीला आहे. ‘तुझे दिवस आहेत, तेव्हा तुझे म्हणणे सोडून दे’ असे म्हणण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला नाही. शब्दार्थाने दोन्ही वाक्ये जवळजवळ सारखी आहेत; पण पहिल्यात एक मनुष्य आपल्या मनाची जबाबदारी घेतो, दुसऱ्यात ती त्याच्याकडून हिरावली जाते. मन माझे होते का, या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेच आहे. ते माझे होते, फक्त त्या दिवशी त्याच्यावर ओझे अधिक होते. ओझे वाहणाऱ्याचे पाऊल वाकडे पडले तरी तो कुठे निघाला होता हे आपण त्याला विचारतोच ना?

स्थितप्रज्ञाचा आदर्श समोर ठेवून कोणी म्हणेल की मनाला एवढे हेलकावे बसूच नयेत. पण गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाने स्थितप्रज्ञाविषयी जो प्रश्न केला, तो त्याच्या वागण्याचा आहे: तो कसा बोलतो, कसा बसतो, कसा वावरतो. आणि त्याच अध्यायात शांत पुरुषाला उपमा दिली आहे ती समुद्राची. ज्याला रोज भरती-ओहोटी येते त्या समुद्राची. दगड हलत नाही म्हणून त्याला कोणी स्थिरबुद्धी म्हणत नाही. भरतीच्या वेळी आपण काय केले आणि ओसरल्यावर काय सांभाळून ठेवले, यातच स्थैर्याची परीक्षा आहे. आणि ज्याला भरतीच येत नाही त्याने या परीक्षेत पहिला क्रमांक मिळवल्याची प्रौढी मिरवू नये.

तथापि एक गोष्ट चिंतनावर सोडता येत नाही. या अवस्थेत काही स्त्रियांना जीव नकोसा होतो. तो विचार ‘पुढील तारखेस पुन्हा सादर’ म्हणून एकटीने बाजूला ठेवण्याचा नव्हे. तेथे सोसणे हा गुण नाही. अशा वेळी घरातल्या माणसाला त्याच दिवशी सांगावे, डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारची १४४१६ ही टेलि-मानस दूरध्वनी सेवाही २०२२ पासून सुरू आहे. उपचार आहेत. सेरोटोनिनवर काम करणारी औषधे इतर विषण्णतेत परिणाम दाखवायला काही आठवडे घेतात. या विकारात ती पुष्कळदा थोड्या दिवसांतच गुण देतात, आणि काहीजणींना ती महिन्याच्या उत्तरार्धातच घेऊन भागते. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची असतात. औषध घेतल्याने आपले मन परके होते असे मानण्याचे कारण नाही. चष्मा लावल्याने दृष्टी परकी होत नाही.

राहता राहिला प्रश्न जवळच्या माणसांचा. या अंकाचे वाचक बहुतांशी नोकरदार गृहस्थ आहेत. कोणाची पत्नी, कोणाची मुलगी, कोणाच्या हाताखालची कर्मचारी या दिवसांतून जात असणार. त्यांच्याकडून फार मोठ्या त्यागाची अपेक्षा नाही. त्या दिवशी वाद घालू नये, एवढे तर पुष्कळजण करतात. पण त्यांचे गप्प राहणे हे बहुधा वादळ टळावे म्हणून असते, आणि वादळ टळले की तेही तो विषय सुखाने विसरतात. त्यापुढे एकच पाऊल टाकायचे आहे. चार-आठ दिवसांनी, घर पुन्हा शांत झाल्यावर, आपण होऊन विचारावे: “त्या दिवशी तू काही म्हणत होतीस; ते काय होते?” ती कदाचित हसून म्हणेल की त्यात काही नव्हते. कदाचित नीट बसून सांगेल. दोन्ही उत्तरे मान्य करावीत. पण विचारावे, कारण न विचारण्याने आपण केवळ एका दिवसाचा राग नव्हे, तर एका माणसाची साक्ष दप्तरी दाखल करून टाकतो.